दगडावरील अक्षर व मिसर देशाची चित्रलिपि

हस्तलिखित पोथ्यांवर ज्यांची दृष्टि घडली आहे अशा वाचकांस शिलालेख प्रथमच पाहतांना एक अडचण पडते. पोथींतील अक्षर म्हणजे शाई होय. शाई कोठें आहे व कोठें नाहीं हें ओळखण्यास विशेष विद्या लागत नाहीं. दगडावरील अक्षर ही वस्तु नव्हे, वस्तूचा अभाव होय. तें म्हणजे एक खाच, आणि ती खाच डोळ्यांस दिसते ती तींत पडलेल्या सावलीमुळें. ऊन फिरलें कीं सावली फिरते आणि सावली फिरली कीं अक्षरही फिरतें. सकाळीं जो फांटा स्पष्ट दिसला तो दुपारीं नाहींसा होतो, व जेथें कांहीं नव्हतें तेथें सायंकाळीं एक मात्रा उभी राहते. ही गोष्ट शिलालेखांच्या जाणत्यांस नवी नाहीं. तथापि पोथ्या, बखरी व दप्तरें यांच्या संग्रहाकडून लेण्यांकडे वळणारा जो मोठा वर्ग आपल्या पुण्यांत आहे, त्यास ती पुनःपुन्हा सांगावी लागते.

दुसरें असें कीं, अमक्या डोंगरांत ‘चित्रलिपि’ सापडली, तमक्या सड्यावर ‘मिसरी अक्षरें’ आढळलीं, अशा वार्ता हल्लीं वरचेवर कानांवर येतात. चित्रलिपि म्हणजे काय, ती कोरलेली कशी दिसते, तिचीं लक्षणें कोणतीं, हें ठाऊक असल्याशिवाय त्या वार्तांचा खरेखोटेपणा ठरणें शक्य नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही प्रथम मिसर देशांतील कोरीव चित्राक्षरांचें बाह्य स्वरूप सांगूं व मग त्याच दृष्टीनें नाणेघाट, जुन्नर येथील लेख कसे पाहावे याविषयीं लिहूं. मिसरी लिपीचें वाचन शिकविण्याचा आमचा अधिकार नाहीं व तसा हेतुही नाहीं. येथें विषय आहे तो डोळ्यांना काय दिसतें एवढाच.

मिसर देशांत कोरण्याच्या दोन रीति होत्या. एकींत चिन्हाभोंवतालचा दगड काढून टाकून चिन्ह वर उठवीत. दुसरींत चिन्हाची कड दगडांत सरळ खोल उतरवून आंतील अंग गोलाईनें घडवीत. म्हणजे चिन्ह उठावाचें असूनही भिंतीच्या पातळीच्या खालींच राही. पहिली रीत बहुधा देवालयांच्या व थडग्यांच्या आंतील भिंतींस, आणि दुसरी बाहेरच्या भिंतींस. कारण उघड आहे. त्या देशाच्या प्रखर उन्हांत नुसता उठाव फिका पडतो. खोल कडेंत मात्र गर्द सावली सांचते व आकृति लेखणीनें रेखल्यासारखी उमटते. आपल्याकडे बहामनी व त्यापुढील सुलतानी अमदानींतील फार्सी लेख बहुधा उठावाचे असतात, तर ब्राह्मी व देवनागरी लेख बहुधा खाचेचे. सोमवार पेठेंतील त्रिशुंड गणपतीच्या मंदिरांत संस्कृत व फार्सी अशा दोन्ही भाषांचे लेख आहेत. ज्यांस घाटमाथ्यापर्यंत जाणें जमत नाहीं त्यांनीं निदान त्या मंदिरांत जाऊन, दिवा समोर न धरतां बाजूस धरून, तेथील लेखांचें अक्षर न्याहाळावें. शहराबाहेर न जातां इतकी चांगली शाळा दुसरी मिळणार नाहीं.

आतां चिन्हांकडे वळूं. पाण्याची नागमोडी रेघ, आडवें पडलेलें शिंगाळें फुरसें, वेताचें पान, मनुष्याचें मुख, उघडा हात, पावलासह पाय, भाकरीचा अर्धगोल, लाव्याचें पिल्लूं, घुबड, हीं त्या लिपींतील नेहमींच्या व्यंजनांचीं चिन्हें. नुसतें पाहणाऱ्यास हें सर्व चित्रांचें प्रदर्शन वाटतें; वस्तुतः तीं ध्वनीचीं अक्षरें आहेत, आणि नागमोडी रेघ पाहून वाचक ‘पाणी’ असें म्हणत नसे, तर ‘न्’ असें म्हणत असे. माणसें, पशु व पक्षी यांचें तोंड नेहमीं ओळीच्या आरंभाकडे असतें, म्हणून वाचकानें चित्रांच्या तोंडाला सामोरें जावयाचें. लिपि डावीकडून उजवीकडे वा उजवीकडून डावीकडे, कशीही लिहितां येई; दरवाजाच्या दोन्ही बाजूंस एकच लेख समोरासमोर कोरलेला असतो तेव्हां एका बाजूचे पक्षी दुसऱ्या बाजूच्या पक्ष्यांकडे पाहत असतात. घुबड मात्र चमत्कारिक: त्याचें अंग एका बाजूनें दाखवितात व तोंड थेट आपल्याकडे वळलेलें. चांगल्या कामांत पिसांच्या ओळी, डोळ्याची कड, सापाच्या अंगावरील वळ्या असा बारीक तपशील भरलेला असतो. घाईच्या कामांत तेंच घुबड केवळ बाह्यरेषेनें उरकलेलें असतें. दोन्ही घुबडें एकच अक्षर होत. तपशील कमी म्हणून चिन्ह जुनें, अथवा तपशील अधिक म्हणून अलीकडचें, असा निष्कर्ष काढणारा फसतो.

चिन्हें एकामागें एक रांगेंत न मांडतां अदृश्य चौकोनांत बसवितात. उंच चिन्हाशेजारीं दोन चपटीं चिन्हें एकावर एक, अशी रचना असते. डोळ्यांस रिकामी जागा खपत नसल्यामुळें अक्षरांचा क्रम कधीं कधीं या बसवणुकीखातर बदलला जातो, व देवाचें नांव तर मानानें आधीं लिहिलें जातें, मग तें उच्चारांत मागून कां येईना. राजाचीं दोन मुख्य नांवें मात्र दोरखंडाच्या लांबट वेटोळ्यांत असतात. वेटोळ्याच्या एका टोंकास गांठ असते. शांपोल्यों यानें १८२२ सालीं ही लिपि उलगडली ती या वेटोळ्यांतील टॉलेमी, क्लेओपात्रा अशा नांवांच्या आधारें. आपल्या ब्राह्मीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप यानें १८३७ सालीं केला तेव्हां त्यास वेटोळें नव्हतें. परंतु सांचीच्या अनेक लहान लेखांच्या शेवटीं तींच दोन अक्षरें येतात हें त्याच्या ध्यानांत आलें, व तीं ‘दानं’ असलीं पाहिजेत असें त्यानें ताडलें. दोन्ही ठिकाणीं अर्थाच्या आधीं डोळा चालला आहे.

मिसरी चिन्हांचा एक वर्ग आपल्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. शब्दाचे ध्वनि लिहून झाल्यावर शेवटीं एक चित्र काढीत. तें वाचावयाचें नसे. गमनार्थक शब्दापुढें चालते दोन पाय, अमूर्त वस्तूच्या शब्दापुढें बांधलेली गुंडाळी, क्षुद्र वा वाईट अर्थाच्या शब्दापुढें चिमणी. अमरकोश पाठ केलेल्यास हें चटकन् कळेल. अमरसिंहानें पर्यायांमध्यें ‘स्त्रियाम्’, ‘पुंसि’ अशीं पदें घातलीं आहेत, तीं पर्याय नव्हेत, पर्यायांविषयीं सूचना होत. भेद इतकाच कीं तीं म्हणावीं लागतात व चिमणी म्हणावी लागत नाहीं. या चित्रांस आम्ही ‘अर्थनिश्चायक’ म्हणूं. पुढें गद्धेगाळांच्या प्रसंगीं त्यांचें काम पडेल.

चिन्हें हीं चित्रें असल्यामुळें तीं सजीव आहेत अशीही भावना होती. कांहीं थडग्यांच्या आंतल्या खोल्यांत साप मध्यें तोडलेले, सिंह दोन तुकड्यांत, पक्षी पायांवांचून, माणसें अर्ध्या अंगाचीं अशीं कोरलेलीं आढळतात. मृतास त्यांनीं उपद्रव देऊं नये म्हणून. ज्यास हें ठाऊक नाहीं तो म्हणेल कीं दगड फुटला किंवा पाथरवट चुकला. शिल्पांतील प्रत्येक उणीव ही चूक नसते, व प्रत्येक चूक ही उणीव म्हणून दिसत नाहीं.

चुकांविषयीं निघालेंच आहे तर होरेमहेब राजाच्या थडग्याचा उल्लेख केला पाहिजे. तें काम अपुरें राहिल्यामुळें त्याच्या भिंतींवर सर्व पायऱ्या एकत्र पाहावयास मिळतात: प्रथम तांबड्या रंगाची कच्ची रेखणी, तीवर जाणत्या हाताची काळ्या रंगाची दुरुस्ती, मग छिन्नीचें काम. लिहिणारा निराळा, तपासणारा निराळा आणि कोरणारा निराळा. आपल्या ताम्रपटांच्या शेवटीं लेखकाचें व कोरणाऱ्याचें नांव पुष्कळदां वेगवेगळें दिलेलें असतें तें याच कारणानें. कोरणाऱ्यास वाचतां येत असेच असें नाहीं. आम्हीं पुष्कळ वर्षें शाळेंत मुलांचे पुस्ती-कित्ते तपासले. जो मुलगा अर्थ न कळतां गिरवितो त्याच्या चुका, आणि जो अर्थ कळून घाईनें लिहितो त्याच्या चुका, या दोन जातींच्या असतात. पहिला ‘म’ व ‘भ’ यांत घोटाळा करतो, दुसरा अख्खा शब्द गाळतो. दगडावरही हाच न्याय लागू पडतो, व लेखांतील दोष लेखकाचा कीं टांकीवाल्याचा हें त्यावरून बरेंचसें ठरवितां येतें.

आतां अंक. मिसरी अंकांत एकास उभी रेघ, दहास गुरांच्या पायबंदासारखी कमान, शंभरास दोराचें वेटोळें, हजारास कमळ, दहा हजारांस बोट, लाखास बेडकाचें शेपटीवालें पिल्लूं आणि दहा लाखांस हात उंच करून गुडघ्यांवर बसलेला देव. चिन्ह जितके वेळां काढावें तितकी संख्या. ऑक्सफर्ड येथील संग्रहालयांत नारमेर राजाची एक गदा आहे. ती सुमारें इ. स. पू. ३१०० मधली. तिच्या डोक्यावर ४,००,००० गुरें, १४,२२,००० शेळ्या व १,२०,००० कैदी अशी नोंद कोरलेली आहे. शेळ्यांचा आंकडा नऊ चिन्हांत आला आहे: एक देव, चार बेडूकपिल्लें, दोन बोटें, दोन कमळें. राजानें खरोखर इतक्या शेळ्या आणल्या कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. आंकडा काय आहे याविषयीं मात्र दुमत होण्यास जागाच नाहीं, कारण बेडकाचें पिल्लूं व दोराचें वेटोळें यांत गफलत कोणी करूं शकत नाहीं. एखादें चिन्ह झडलें तरी त्याची जागा रिकामी दिसते.

ही गोष्ट मनांत धरून नाणेघाटास यावें. कल्याण बंदराहून जुन्नरमार्गें पैठणाकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग या घाटानें चढतो. माथ्यावर कातळांत कोरलेलें लेणें आहे व जवळच दगडी रांजण. लेण्याच्या मागील भिंतींत सातवाहन कुळांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. त्यांच्या पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत, वर नांवें आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका व सिरि-सातकणि, महारठि, कुमार. डाव्या व उजव्या भिंतींवर प्रत्येकीं दहा ओळींचा लांब लेख आहे. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व चार लोकपाल यांस नमन करून पुढें केलेल्या यज्ञांची व दिलेल्या दक्षिणांची यादी येते. कर्नल साइक्स यानें १८२८ च्या सुमारास हा लेख उजेडांत आणला, भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ च्या सुमारास त्यांतील अंकांचा अभ्यास केला, आणि ब्यूलर यानें १८८३ सालीं सबंध लेख प्रसिद्ध केला. त्याचा काळ हल्लीं बहुतेक विद्वान् इ. स. पू. पहिल्या शतकांत धरतात; ब्यूलरनें तो याहून मागें नेला होता.

अक्षरें साधीं आहेत. ‘र’ म्हणजे एक उभी रेघ, ‘क’ म्हणजे फुली, ‘ठ’ म्हणजे वर्तुळ, ‘थ’ म्हणजे टिंबासह वर्तुळ. अक्षरास डोकें म्हणून नाहीं. रेघ वर सुरू होते ती एकदम. दोनशें वर्षांनंतरच्या क्षत्रपांच्या लेखांत, म्हणजे नाशिक व कार्ले येथें, उभ्या रेघेच्या माथ्यावर खिळ्याच्या डोक्यासारखा जाड भाग दिसूं लागतो, व ‘म’, ‘व’ यांचे गोल पोट कोनाकार होतें. हें डोकें छिन्नीचें नव्हे, लेखणीचें. रुंद टोंकाची लेखणी प्रथम टेकतांना शाईचा जो ठिपका पडतो तो पाथरवटानें इमानानें दगडांत उतरविला आहे. पोथीवाल्यांनीं येथें अभिमान बाळगण्यास हरकत नाहीं: दगडावरील अक्षराचें वळण पानावरच्या अक्षरानें बदललें. आपल्या शिरोरेघेचा उगम या खिळ्यांत आहे.

नाणेघाटाचें खरें धन मात्र अंकांत आहे. दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांच्या संख्या शब्दांनीं न देतां बहुतेक ठिकाणीं अंकचिन्हांनीं दिल्या आहेत. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, चार जवळजवळ ‘क’सारखा फुलीचा, दहा ग्रीक आल्फासारखा. शून्य नाहीं व स्थानावरून किंमतही नाहीं. शंभरास एक स्वतंत्र चिन्ह, हजारास दुसरें. येथवर मिसरी पद्धतीशीं साम्य आहे. ‘गावो ११०१’ हें नाणेघाटांत तीन चिन्हांत लिहितात, हजार, शंभर व एक. मिसर देशांतही तें तीनच चिन्हांत येईल, कमळ, वेटोळें व रेघ. पुढें मात्र वाट फुटते. चोवीस हजार चारशें कार्षापण लिहावयाचे तर मिसरी लेखकास दोन बोटें, चार कमळें, चार वेटोळीं अशीं दहा चिन्हें लागतील. आपला लेखक तेंच तीन चिन्हांत लिहितो, कारण तो हजाराच्या चिन्हासच वीस किंवा चार यांचें चिन्ह जोडतो व शंभरासच चार जोडतो. दोनशें करावयाचे तर शंभराच्या चिन्हास बाजूनें एक लहान फांटा, तीनशें करावयाचे तर दोन फांटे. हजारासही तोच नियम.

पद्धत सुटसुटीत खरी, आणि म्हणूनच धोक्याची. एका फांट्यानें शंभराचे दोनशें होतात, हजाराचे दोन हजार. राणीनें अकराशें एक गाई दिल्या कीं बाराशें एक, हा प्रश्न बोटभरही लांब नसलेल्या एका खाचेवर येऊन ठेपतो. आणि आपला दगड चुनखडीचा नव्हे. सह्याद्रीचा काळा पाषाण एका वेळच्या वितळलेल्या रसाचा, त्यांत वायूच्या बुडबुड्यांनीं राहिलेल्या पोकळ्या ठिकठिकाणीं. कांहीं रिकाम्या, कांहींत पांढरे स्फटिक. त्यांतली एखादी अक्षराच्या माथ्याजवळ आली कीं ती अनुस्वार होऊन बसते, कारण ब्राह्मींतील अनुस्वार म्हणजे एक टिंबच. पावसाच्या पाण्यानें पडलेली आडवी चीर अंकाला लागली कीं ती फांटा होते.

यावर आमच्या मतें उपाय तीन आहेत, व तिन्ही साधे आहेत. छिन्नीच्या खाचेस दोन कडा असतात, तिचा तळ शेजारच्या अक्षरांच्या तळाइतकाच खोल असतो, व ती जेथें संपावी तेथें संपते. चीर अक्षरांतून निघून पुढें मोकळ्या दगडांतही जाते. पोकळी ओळींमधल्या रिकाम्या जागेंतही असते. तेव्हां अनुस्वार वाचण्यापूर्वीं त्याच हातभर भागांत ओळींच्या मध्यें तशीं टिंबें किती आहेत तीं मोजावीं. दहा असलीं तर अकरावें अनुस्वार असल्याचें दुसरें प्रमाण पाहिजे. तिसरा उपाय प्रकाशाचा: आरशानें वा विजेच्या हातदिव्यानें भिंतीस जवळजवळ लागून तिरपा उजेड टाकावा, आणि तो चारही बाजूंनीं फिरवावा. एका बाजूच्या उजेडांत, त्या उजेडास समांतर जाणारी खाच दिसतच नाहीं. जें एकाच छायाचित्रांत दिसतें व बाकींच्यांत दिसत नाहीं त्यावर मत बांधूं नये. हल्लीं अनेक कोनांतून उजेड टाकून घेतलेलीं छायाचित्रें संगणकानें एकत्र करून पाहण्याची सोय झाली आहे. तीही याच तत्त्वावर.

जेथें शब्दांचा आधार आहे तेथें काम सोपें होतें. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात यानें ४२ व्या वर्षीं दिलेल्या अक्षयनीवीचा लेख आहे. तींत तीन हजार कार्षापण शब्दांनींही आहेत व अंकांनींही. शिवाय त्यांतले दोन हजार एका विणकर श्रेणीकडे व एक हजार दुसरीकडे ठेवल्याचें सांगितलें आहे. बेरीज जुळते. अंकाचा फांटा उद्यां झडला तरी अडत नाहीं. जुन्नरच्या मानमोडी डोंगरांतील अयम नांवाच्या अमात्याच्या लेखाची गोष्ट वेगळी आहे. महाक्षत्रप नहपानाचें ज्ञात असलेलें शेवटचें वर्ष ४६, तें याच लेखांतलें, दोन चिन्हांत: चाळीस व सहा. हें वर्ष शककालगणनेचें मानलें तर तें इ. स. १२४ होतें, आणि गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षत्रपांचा पाडाव केव्हां केला याचा सारा वाद त्याच्याभोंवतीं फिरतो. महाराष्ट्राच्या प्राचीन कालक्रमाचा एवढा मोठा भाग दोन चिन्हांवर टांगलेला आहे, हें त्या डोंगरावर चढणाऱ्या प्रत्येकानें जाणलें पाहिजे.

म्हणूनच लेख ‘स्पष्ट करण्या’च्या हौसेस आम्ही कडवा विरोध करतों. अक्षरांत खडू, चुना अथवा तैलरंग भरून छायाचित्र घेणारा आपलें वाचन दगडावर लादतो. त्यानें जो फांटा भरला नाहीं तो पुढच्यास दिसत नाहीं, व जी चीर भरली ती कायमची अक्षर होते. रंग निघतांना दगडाचा पापुद्राही घेऊन निघतो. ओल्या कागदाचा ठसादेखील जाणत्या माणसानें, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनेंच घ्यावा. उत्साही मंडळीस हें कठोर वाटेल, वाटो.

आतां अर्थनिश्चायकांकडे. शिलाहार व यादव काळांतील दानलेखांच्या शिळांवर माथ्यास सूर्य-चंद्र, कधीं मध्यें कलश, मग लेख, आणि तळाशीं गाढव व स्त्री यांचें तें बीभत्स शिल्प असतें. यांसच गद्धेगाळ म्हणतात. सूर्य-चंद्र म्हणजे आचंद्रार्क, दान तोंवर चालावें. खालचें शिल्प म्हणजे दान मोडणाऱ्यास शिवी. हीं चित्रें कोणी वाचून दाखवीत नाहीं, तरी त्यांच्यावांचून शिळेचा अर्थ पुरा होत नाहीं; त्या अर्थानें तीं मिसरी चिमणीचीं भावंडें होत. फरक असा कीं मिसरी चित्र एका शब्दास लागतें, आपलें सबंध दानास. शिवाय तें ज्यास अक्षर येत नाहीं त्याच्यासाठीं आहे. मिसरी चित्र तर अक्षर येणाऱ्यासाठींच होतें. अलिबागेजवळील आक्षी येथील शिळा या जातीचीच: वर चंद्र-सूर्य, मध्यें मराठी लेख, खालीं गद्धेगाळ. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं तिचा काळ शके ९३४ असा वाचला. इतरांनीं तें वाचन मान्य केलें नाहीं. हा वादही शेवटीं अंकांच्या रूपाचाच आहे. जुन्या प्रकाशनांत अशा शिळांचा केवळ अक्षरांचा भाग छापून वरचें व खालचें चित्र पुष्कळदां वगळलेलें असे, खालचें तर लाजेपोटीं. संग्राहकांनीं तसें करूं नये. कांहीं शिळांवर चित्रच आहे, अक्षर एकही नाहीं. त्याही दस्तऐवजच होत, व शेताच्या बांधावर त्या पडून असतात म्हणून त्यांची किंमत कमी होत नाहीं.

याच्या उलट कोंकणच्या सड्यांवरील कातळशिल्पें. रत्नागिरी जिल्ह्यांतील बारसू, उक्षी, कशेळी इत्यादि ठिकाणीं जांभ्या दगडांत कोरलेलीं हत्ती, मासे, मनुष्याकृति व चौकटी यांचीं मोठमोठीं चित्रें आहेत. २०२२ सालीं त्यांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. त्यांस ‘चित्रलिपि’ म्हणण्याची प्रवृत्ति दिसते. वर सांगितलेल्या लक्षणांनीं ती तपासून पाहावी. चित्रलिपींत चिन्हें एका मापाचीं असतात, ओळींत किंवा स्तंभांत बसतात, एकाच दिशेस तोंड करतात, आणि तींच तींच वेगळ्या जोडणीनें पुन्हा येतात. सड्यावरील हत्ती एकटा आहे व पुरुषभर उंचीहून मोठा आहे. तो शब्दांतील अक्षर नव्हे; तो हत्ती आहे. त्याचें प्राचीनत्व व मोल यांस लिपीच्या कुबडीची गरज नाहीं.

मिसर देशाशीं आपला खरा संबंध पाहावयाचा तर तो सड्यावर न शोधतां जुन्नरच्याच लेण्यांत शोधावा. तेथें यवन म्हणविणाऱ्या दात्यांचे लेख आहेत: इरिल यानें पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट यानें भोजनमंडप दिला, चंद यानें गर्भद्वार दिलें. अक्षरें शेजारच्या देशी दात्यांसारखींच, भाषा प्राकृत. दुसऱ्या टोंकास, तांबड्या समुद्राच्या मिसरी किनाऱ्यावरील बेरेनिके या प्राचीन बंदराच्या उत्खननांत सातवाहनांचीं दोन नाणीं सांपडलीं आहेत, तसेंच संस्कृत व ग्रीक अशा दोन भाषांतील एक शिलालेखही. तो रोमन बादशहा फिलिप याच्या कारकीर्दींतील, इ. स. २४८ चा. त्याच सुमारास नाईल नदीकाठच्या एस्ना येथील देवालयांत रोमन बादशहांचीं नांवें अद्याप त्या जुन्या दोरखंडी वेटोळ्यांत कोरलीं जात होतीं. डेशियस (२४९–२५१) याचें तेथें आहे. मिसरी चित्राक्षरांचा तारीखवार शेवटचा लेख फिली येथला, २४ ऑगस्ट ३९४ चा. म्हणजे नाणेघाट, नाशिक, कार्ले व जुन्नर येथें टांकी चालत होती त्या सर्व काळांत ती लिपि जिवंत होती.

जुन्नरच्या कांहीं लेखांच्या आरंभीं वा अखेरीस स्वस्तिकादि मंगलचिन्हें आहेत. जे कोणी येत्या हिंवाळ्यांत तेथें जातील त्यांनीं छायाचित्राची चौकट लेखाच्या पहिल्या व शेवटच्या अक्षराशीं न थांबवितां दोन्ही बाजूंस हातभर अधिक दगड घ्यावा, शेजारीं मापाची पट्टी ठेवावी, आणि उजेड कोणत्या बाजूनें व किती वाजतां पडला होता तें त्याच वेळीं टिपून ठेवावें.